स्वयंपाकघरातून बघितलेली मालिका

आईच्या वाढदिवसाला मी तिच्या आवडत्या जुन्या मालिकेच्या डीव्हीडी आणल्या. त्या काळी पोळ्या करता करता तिने ती मालिका आतून नुसती ऐकली होती. आता तिने निवांत बसून बघावी, असं मला वाटत होतं. तिला तसं म्हटलं मात्र नाही.

पहिला भाग सुरू झाला. नायिका दिसताच आई म्हणाली, "अगं बाई, ही इतकी बारीक होती? आवाजावरून मला चांगली जाडजूड वाटायची!"

थोड्या वेळाने पडदा क्षणभर काळा झाला. पूर्वी तिथे जाहिराती लागायच्या आणि तेवढ्यात आई आत कुकर लावून घ्यायची. आताही ती सवयीने उठली आणि कुकर लावायला गेली. इथे जाहिराती नव्हत्याच, त्यामुळे मालिका तिच्याशिवाय पुढे चालू राहिली.

कॅसेट आली, डीव्हीडी आली, मग मोबाइल आला. गोष्ट हवी तिथे थांबवायची आम्हाला सवय झाली. गोष्टीने आपल्यासाठी थांबावं, असं आईला कधी वाटलंच नसावं.

मी रिमोट उचलून चित्र थांबवलं.

आतून लगेच आवाज आला, "बंद का केलंस गं? मी बघतेय ना!"

मी मालिका पुन्हा सुरू केली आणि आवाज थोडा वाढवला.