करमाडचं काटेरी जनावर

करमाडात कडुबा वेल्डरला काही बनवायला सांगायचं म्हणजे आधी तासभर त्याच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. साधं गेट सांगा, तो विचारणार, घरात म्हातारं कोण हाये, कुत्रं पाळलंय का, गेट रात्रीचं कोण लावतं. गिऱ्हाईक पार वैतागून जातं. पण त्याचं गेट पुढं वीस वर्षं कुरकुरत नाही, हेही तितकंच खरं.

जनावरं बनवायचं खूळ मात्र नऊ वर्षांपूर्वीचं. शेत शेंद्र्याच्या कारखान्यांत गेलं आणि थोरला भाऊ सर्जेराव यानं कडुबाला न विचारता घरची बैलजोडी बाजारात नेऊन विकली. कडुबा भर पारावर त्याला नाही नाही ते बोलला. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यानंतर कडुबानं कारखान्यांतलं भंगार आणून पहिला बैल जोडला, मग हत्ती, मग घोडे. ढाबेवाले हौसेनं ते दारात उभे करतात.

असाच एक घोडा बघून हर्सूलच्या एका शाळेतल्या मनस्विनी मॅडम त्याच्याकडं आल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांना डायनासोर हवा होता. तोही दात विचकणारा नव्हे, पाला खाणारा, अँकिलोसॉरस. चित्रात ठेंगणं, पसरट धूड होतं. पाठीवर हाडांच्या चकत्या, कडेला काटे, शेपटीच्या टोकाला हाडाचा गोळा.

"खायचा पाला, मग एवढा सरंजाम कशाला?" कडुबानं विचारलं.

"त्याला खाणारे होते ना, कडुबाभाऊ. ट्रकएवढे."

"आन हे लढायचं कशानं?"

"शेपटीनं. गोळा फिरवून समोरच्याच्या पायावर हाणायचं, असं समजतात."

"म्हंजे वैऱ्याकडं ढुंगण करून. मग नेम कसा धरायचं?"

याचं उत्तर मॅडमकडं नव्हतं. त्या प्रामाणिकपणे तसं म्हणाल्या, आणि तिथंच कडुबाला बाई आवडली.

काम सुरू झालं. शेपटी त्यानं साखळीची केली, बैलासारखी लवलवती. मॅडम म्हणाल्या, मागची अर्धी शेपटी ताठ होती, हाडं एकमेकांत अडकून कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी झालेली. कडुबा खूश झाला. "बरोबर हाये की. लवलवत्या दांड्यानं लाकूड फुटंल का?" म्हणत त्यानं साखळी काढून जुना शॅफ्ट बसवला. याच्या काही भाऊबंदांच्या पापण्यांतसुद्धा हाड होतं, हे ऐकल्यावर तर त्याला राहवेना. त्यानं सायकलच्या घंटीच्या वाट्या कापून पापण्या केल्या आणि दिवसभर येईल त्याला त्या उघडमीट करून दाखवल्या.

मग शाळेत परीक्षा लागल्या. मॅडम आठवडाभर फिरकल्या नाहीत आणि कडुबानं घोळ घातला. त्याचं एक वासरू कुत्र्यांनी खालून फाडलं होतं. पोट उघडं ठेवून जनावर उभं करायला त्याचा हात धजेना. त्यानं खाली जाड प्लेटा मारल्या आणि पाय त्यांनाच जोडून टाकले.

"कडुबाभाऊ, पोट मऊ होतं त्याचं," मॅडम वाकून बघत म्हणाल्या.

"मऊ? मग जगलं कसं?"

"बुटकं होतं ना. पोटाला तोंड लावायचं तर आधी ते उलथं करावं लागणार. एवढं रुंद जनावर उलथणार कोण?"

कडुबानं कपाळावर हात मारला. आता प्लेटा कापाव्यात तर पाय फाकणार. ठेवाव्यात तर वजन टनाच्या वर गेलेलं. आठ माणसांनी जोर लावला, एक पाय हलला नाही. प्रदर्शन परवावर आलेलं. शेंद्र्याच्या सगळ्या क्रेनवाल्यांनी पुढच्या आठवड्याचा वायदा केला. गावात हायड्रा क्रेन एकच होती, सर्जेरावाची.

कडुबानं दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. बायको भागूबाई भाकरी थापता थापता बघत होती. "ट्रकएवढ्या जनावराला न भिणारं बनवलं," ती म्हणाली, "आन फोनला भिता व्हय?"

तिसऱ्यांदा त्यानं कापला नाही. पलीकडून सर्जेरावानं फक्त वजन विचारलं आणि "सकाळी येतो" म्हणून ठेवून दिला.

सकाळी तो आला. राम राम नाय, श्याम श्याम नाय, केबिनमधनं उतरलासुद्धा नाही. क्रेनवरच्या पोऱ्यानं पट्टा बांधला, सर्जेरावानं जनावर उचललं आणि हातभर वर जातं न जातं तोच पट्टा सरकला. जनावराची कंबर शेडच्या खांबावर आदळली. दोन काट्यांची टोकं मोडून पडली.

कडुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या हाती जनावर दिलं की असंच व्हतं," तो म्हणाला.

सर्जेरावानं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा पडला होता.

जनावर न्यायला आलेल्या मॅडमना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या मोडक्या काट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे राहू द्या. याच्याच भाऊबंदांतला एक सांगाडा सापडलाय, त्याचे कमरेजवळचे काटे असेच मोडलेले आहेत."

"शिकाऱ्यानं मोडले?" कडुबानं विचारलं. राग होता, तरी विचारलं.

"तसं वाटत नाही. बाकी अंग धड, फक्त कमरेच्या बाजूलाच मार. शेपटीचा घाव बसेल तिथं. अभ्यासक म्हणतात, त्याच्याच जातीच्या दुसऱ्या जनावरानं मारलं असावं."

"आपसात?" हे सर्जेराव बोलला.

"हो. पण घाव भरून आला होता. मार खाऊनही जगलं ते पुढं."

कडुबाला तो पार आठवला आणि आपले शब्दही आठवले. सर्जेरावाची नजर खाली होती.

"भरून आल्यावर काटा पुन्हा टोकदार यायचा का?" शेवटी कडुबानं विचारलं.

"नाही. बोथट व्हायचा."

टोकं परत जोडायला उचललेला वेल्डिंगचा होल्डर कडुबाच्या हातात होता. तो त्यानं खाली ठेवला, ग्राइंडर घेतला आणि मोडके काटे घासून गोल करायला बसला. पट्ट्याला लटकलेलं जनावर अजून हलत होतं. सर्जेराव केबिनमधनं उतरला आणि दोन्ही हातांनी जनावराची कंबर धरून उभा राहिला. पहिला काटा झाला, तसा तो अंगठ्यानं टोक चाचपायला गेला.

"हात काढ, दादा," कडुबा म्हणाला. "तापलंय अजून."