हळदीची धरत नाहीत

पोटच्या पोराबद्दल बापाला काडीचंही ठाऊक नसतं, असं तोंडावर सांगून वर फी घेणारा डॉक्टर शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. किन्हवलीला त्याचा दवाखाना आहे. बारा वर्षांपुढचं पोर खरूज, खोकला, पायात रुतलेला काटा, काहीही घेऊन येवो, हा आधी आईबापांना बाहेर काढतो आणि पोराला दारू, गांजा, गोळ्या यांबद्दल गप्पा मारल्यासारखं विचारत बसतो. पोरानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगत नाही; जिवावरचं असेल तर गोष्ट वेगळी. डोळखांबकडच्या एका पोराला त्यानं इतकं विचारलं की काटा काढायचाच राहिला. बाहेर ताटकळलेल्या बापाला चहा मात्र मिळतो, निवलेला.

"दारू पितोस का?" असं तो कधीच विचारत नाही. "तसं विचारलं तर आपल्याकडं एकपण पोरगा पित नाय," तो म्हणतो. "हळदीला काय घेतलंस, असं विचारायचं. लग्नाच्या हळदीची आपल्याकडं कोणी धरतच नाय."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचा घसा बसला, म्हणून त्याला घेऊन गेलो. "साडूभाऊ, याला तुमचे प्रश्न नकोत," मी आधीच बजावलं. "आमच्या घरात सुपारीचं खांडपण नाय."

"बाहेर बसा. चहा सांगितलाय."

मी बाकावर बसलो. पाच मिनिटं ऐटीत गेली, पुढची दहा घाम पुसण्यात. अखेर साडूनं आत बोलावलं. "पोरगा कशालाच शिवत नाय," तो म्हणाला. माझी छाती फुगली. "पण एका प्रश्नाला हो म्हणाला. तुमाला सांगू का विचारलं, तर म्हणाला, तुमीच सांगा, माझ्यानं बोलवत नाय. प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर तो मागं बसलाय."

माझं डोकंच सणकलं. "कोण तो हरामखोर? नाव सांगा, तंगडी मोडतो त्याची!"

साडूनं चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिला. "म्हसा गावच्या हळदीवरनं तुमी दोघं घरी कसे गेलात, साडूभाऊ?"

"अहो, ती हळद होती!" हे माझ्याच तोंडून निघालं, आणि ते ऐकून मी गार पडलो. एरवी कशालाही खदखदून हसणारा हा माणूस हसलासुद्धा नाही.

"बाबा, वळणावर तुमचं डोळं मिटलेलं," मुलगा बसक्या आवाजात म्हणाला. "मी मागनं शर्ट ओढत होतो."

शर्ट ओढलेला मला आठवत होता. पोराला मजा येतेय असं समजून मी गाडी आणखी पळवली होती. साडूनं घशाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि फी घेतली.

त्याचा मला अजून राग येतो. हळदीला आता मी सरबतावर असतो, आणि निघताना हा माझ्या कानाशी येऊन "हळदीला काय घेतलंत?" असं विचारतोच. पण रस्त्यात मागून शर्टाला जरा ओढ लागली की मी गाडी बाजूला घेतो आणि विचारतो, "काय रे?" बहुतेक वेळा काहीच नसतं. तो नुसता धरून बसलेला असतो.