दाढेतलं सिमेंट

आवडाबाईंनी दारामागून ते भांडण ऐकलं होतं. "आईंच्या गालात पांढरा चट्टा आलाय, मिश्री सोडायला सांगा की!" सून दीपमाला म्हणत होती. "तूच सांग, मला ती लई फैलावर घेती," म्हणून लेकानं अंग काढून घेतलं. आवडाबाईंना तेव्हा हसूच आलं.

पुढं बजाजनगरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची किडकी दाढ भरली. "हे सिमेंट झिजल्या दाताला खनिजं परत देतं. गालाला नाही हो, तो चट्टा मोठ्या दवाखान्यात दाखवा."

आवडाबाईंनी पहिलंच वाक्य घरी आणलं. दाढ भरून येती, तर गालबी येईल! ठणका थांबला तशी मिश्री वाढली. चट्टा टणक झाला, तोंड पुरतं उघडंना.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. ती त्यांची शेवटची खेप ठरली. नेहमीसारखी तंबाखूची पुडी घेतली, कनवटीला लावली आणि घरी येऊन मिश्रीसाठी तव्यावर भाजायला टाकली.