सासूबाईंचा नारळ आणि माझा दोर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पाठच्या बहिणीलासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — बघा, आधीच फाटे फोडायला लागले. खोडच माझी ती.

आमच्याकडे चार माणसं जेवायला जमली की एक गोष्ट ठरलेली. ‘आईचा नारळ’. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, रंगवून सांगतो — चौऱ्याऐंशीचा उन्हाळा, वाईहून पहिल्यांदाच अमेरिकेत आलेली आई, इरी कालव्यावर एका दिवसासाठी भाड्याने घेतलेली मोटरबोट, आणि ओटी भरायला मध्येच उठलेली आई. बोट हलली, आई धपकन पडली, मनगट मोडलं! सगळे हसतात. सासूबाईही हसतात. मी चहा टाकायला आत जाते.

त्या कालव्यावर जागोजागी लॉक आहेत. मोठ्ठा हौदच म्हणा ना. बोट आत शिरली की मागचं गेट बंद होतं, खालून पाणी सुटतं आणि बोट लिफ्टसारखी वर चढते. तोवर भिंतीवरून लोंबणारा दोर घट्ट धरायचा, नाहीतर बोट भरकटते. पुढचा दोर श्रीकांतकडे होता, मागचा माझ्याकडे. लॉकवाल्याने वरून दोनदा बजावलं होतं, सोडू नका.

सासूबाई कृष्णाकाठच्या. नव्या पाण्यात पहिल्यांदा बोटीने जायचं तर त्याची ओटी भरायलाच हवी. अहो आई, ही नदी नाही, खणलेला कालवा आहे, असं मी म्हटलं. “खणला असला म्हणून काय झालं? पाणीच ना ते?” झालं! विचारायचं नाही, करून मोकळं व्हायचं, हा त्यांचा खाक्या. मला राग यायचा त्याचा. हेवाही वाटायचा.

वाईहून आणलेला खण, सुपरमार्केटातला नारळ, मूठभर तांदूळ. पाणी चढायला लागलं तशा त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला. बोट हलली नाही, एवढं लक्षात ठेवा. भिंतीला धरून नीट वर चढत होती.

तेवढ्यात वर कठड्याशी श्रीकांतच्या ऑफिसातली एक बाई दिसली. गळ्यात कॅमेरा, आम्हाला हात करतेय. तिच्यासमोर मी कायम आपण किती मॉडर्न असा आव आणायची. आणि इथे सासूबाई पाण्याला कुंकू वाहताहेत —

कसं सांगू? लाज वाटली मला त्यांची. मी दोर सोडला, खाली वाकले आणि कूलरमध्ये डोकं घालून सोड्याचा कॅन शोधत बसले. या बाई आमच्या कुणी नव्हेतच, अशा थाटात. दोर निसटला नाही हो. मी सोडला.

बोटीची मागची बाजू गर्रकन फिरली आणि आपटली. श्रीकांतचं तोंड पुढे होतं, पाच वर्षांची नेहा वर बघत होती. कुणीच पाहिलं नाही. हॉस्पिटलमध्ये त्याने विचारलं, दोर सुटला कसा? आई एकदम उठल्या, बोट हलली, हातातून निसटला — एका दमात म्हणाले मी. सासूबाई प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, “हो रे, माझंच चुकलं.”

तिथेच का नाही बोलले? तोंड शिवलं होतं?

मनगट जुळलं, जरासं वाकडं. पण त्या दिवसापासून ही बाई विचारायला लागली. कुकर लावू? चालेल ना? देवापुढे दिवा लावू? चालेल ना गं? स्वतःच्या मुलाच्या घरात! आधी येऊनजाऊन असायच्या, गेली बारा वर्षं त्या आमच्याकडेच राहतात, आणि अजून विचारतात. आणि आता सांगतेच आहे तर हेही सांगते — सुरुवातीला मला ते बरं वाटलं. सोयीचं वाटलं.

आता त्या नव्वदीला टेकल्यात. गेल्या आठवड्यात नेहाने जाहीर केलं, शनिवारी बोट बुक केलीय, तोच कालवा, आपण चौघं. “बट आजी, नो स्टँडिंग अप, ओके?” म्हणून हसली. सासूबाईंनी लहान मुलीसारखी मान डोलावली. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बसल्याबसल्या नुसते हात जोडले तर चालेल ना गं?”



काल इंडियन स्टोअरमधून खण आणलाय. हिरवा, जरीकाठाचा. नारळ चांगला वाजवून घेतला. शनिवारी मागचा दोर मीच धरणार. गेट बंद होऊन पाणी चढायला लागलं की सगळ्यांसमोर सांगणार. तिथून कुणाला उठून जाता येत नाही, मलाही नाही. ऐकून त्यांना जे वाटेल ते वाटो. मग म्हणणार, आई, उठा, ओटी भरा.

त्यांना धरायला नेहा आहे, आजी उठली तर धर, एवढंच तिला सांगून ठेवलंय. माझे दोन्ही हात दोराला असतील.