पर्समधली सीडी

तुपात रवा भाजल्याचा वास आला की रोह्यातली ती सत्यनारायणाची पूजा आठवते. पेणमधल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासातला माझा भागीदार आमचेच विद्यार्थी फोडून रोह्यात स्वतःचा क्लास काढत होता, त्याच्या उद्घाटनाची ती पूजा. आमच्या मशिनांवर विंडोजऐवजी लिनक्सची स्थिर आवृत्ती होती, तीत अपडेट म्हणजे फक्त दुरुस्त्या, नवे प्रोग्रॅम नाहीत, त्यावरून तो चारचौघांत हसायचा, "तुझी मशिनं म्हातारी हायत गो!" उद्घाटनाआधी त्यानं त्याच आवृत्तीवर मासिकासोबत आलेले नवेकोरे प्रोग्रॅम चढवले आणि पाहुण्यांसमोर हळदकुंकू वाहिलेलं एकही मशीन सुरू होईना. घामाघूम होऊन तो माझ्या कानाशी आला, "आपली जुनी लिनक्सची सीडी आणलीस का गो? परत टाकली की मशिनं चालू होतील." "नाय," म्हणाले आणि आणखी शिरा मागून घेतला. सीडी मांडीवरच्या पर्समध्येच होती. आजही ती कपाटात आहे, आणि शिरा मला अजून तेवढाच गोड लागतो.