वलांडीवर टांगलेली रशियन चित्रं

पालघर स्टेशनात पॅसेंजर थांबली तेव्हा अण्णाच्या खांद्यावर चित्रांची जाडजूड गुंडाळी होती आणि माझ्या हातात सुतळी, खिळे नि जेवणाचा डबा. अण्णा माझा थोरला भाऊ. गिरगावातल्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि मी मराठी शिकवायचे. एकोणिसाव्या शतकात रशियातल्या काही चित्रकारांनी राजधानीतल्या दालनांकडे पाठ फिरवून आपली चित्रं गावोगाव नेली होती. नदीकाठी नावा ओढणारे मजूर, उपाशी शेतकरी, बेड्यांतले कैदी, जे दिसलं तेच त्यांनी रंगवलं. अण्णा त्यांच्यापायी वेडा होता. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती त्याने कापडावर चिकटवल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो.

पालघरला शाळेच्या पडवीत चित्रं लावली. कचेरीतले दोन कारकून आले. एकाने विचारलं, "देवादिकांची नाहीत का?" नाहीत म्हटल्यावर ते चहा प्यायला गेले.

बोईसरला थोडी गर्दी झाली. तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि सालवडच्या बाजूला मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. नावा ओढणाऱ्यांच्या चित्रापुढे एक बिहारी मजूर बराच वेळ उभा राहिला.

"इनका ठेकेदार नहीं दिखाया?" त्याने विचारलं.

अण्णा वळून ते चित्र नव्याने पाहू लागला.

तिथून बैलगाडीने तारापूरपलीकडच्या एका कोळीवाड्यात गेलो. उतरलो तेव्हा वाळूवर बायका समुद्राकडे तोंड करून बसलेल्या. कार्तिकातल्या अवकाळी वाऱ्यात गेलेली चार जणांची एक होडी काही दिवस झाले तरी परतली नव्हती. आम्ही परत फिरायला लागलो, पण एका म्हाताऱ्या तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) अडवलं. "लावा तुमची चित्रं. वाट बगून बगून बायांचं डोलं गेलं."

वलांडीवर (बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटीवर) त्या दिवशी मासळी नव्हती. आम्ही तिथेच चित्रं टांगली. बर्फातून घसरगाडी ओढणारा घोडा, गाडीवर पाठमोरी बाई आणि तिच्यामागे लाकडी पेटी, या चित्रापाशी जानकीबाय थांबल्या. त्यांचा मुलगा जयराम त्या होडीवर होता.

"बाय, त्या पेटीत काय हाय?"

खोटं बोलवेना. "तिचा माणूस आहे. पुरायला नेतेय."

"तिला गावला तरी," जानकीबाय म्हणाल्या आणि पुन्हा वाळूवर जाऊन बसल्या.

त्यांच्याच घरी आम्हाला रात्रीचा आसरा मिळाला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे आली. त्या स्वतः जेवल्या नाहीत. त्यांच्या सुनेने, जयरामच्या बायकोने, सुंदरीनेही ताटाला हात लावला नाही.

सकाळच्या भरतीने जयरामला किनाऱ्यावर आणून टाकलं. अंगावरच्या करगोट्यावरून सुंदरीने त्याला ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. माणसं लाकडं आणायला धावली. मी मान फिरवली आणि पाहते तर अण्णा मांडीवर कागद घेऊन तेच प्रेत रेखाटत होता.

जानकीबाय त्याच्याजवळ आल्या. "काय काडतोस?"

त्याने कागद दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो नको. होता तसा काड. त्याचा फोटू नाय कुनाकडं."

"मी त्याला पाहिलेलं नाही, आई."

"मी पायलाय ना."

त्या त्याच्यासमोर बसल्या आणि सांगू लागल्या. कपाळ त्यांच्यासारखं. नाक बापाचं. हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. अण्णा काढायचा, त्या नाही म्हणायच्या, तो पुसायचा. मागून सुंदरी हळूच म्हणाली, "वरचा ओठ जाड हाय." तेवढंच ती बोलली. चेहरा जुळत आला तशी ती उठून घरात गेली आणि आतून तिचं रडणं ऐकू आलं. जयरामला नेलं तेव्हा दुपार झाली होती. मग जानकीबायनी भाताची खळ लावून तो कागद भिंतीला चिकटवला. मागचं, प्रेताचं चित्र भिंतीकडे गेलं. अण्णाच्या हातून तसं चित्र आधी कधी उतरलं नव्हतं, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

संध्याकाळच्या गाडीसाठी बोईसर स्टेशनात बसलो होतो. तोच तीन बायका झपाझप चालत आल्या. एक म्हातारी, दोघी तरण्या. होडीवरच्या उरलेल्या तिघांच्या घरच्या. ते अजून सापडले नव्हते.

"आमचंबी काडशील का, दादा?" म्हातारीने विचारलं. "आमी सांगतो कसं होतं तं."

गाडी आली. अण्णाने गुंडाळी माझ्याजवळ दिली, पेन्सिली खिशात घातल्या आणि त्यांच्यामागून चालू लागला. त्याला थांबवावं असं वाटलं, पण काय म्हणून थांबवणार?

घरी वहिनीने दार उघडलं. अण्णा दिसेना म्हणून ती घाबरली. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "किती दिवस लागतील त्यांना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "बायका किती आठवून सांगतात, त्यावर आहे."