शिवरे नावाचा मधला देश

शिवऱ्याला का जात नाही, असं घरी कुणी विचारलं की मी गुडघ्यांकडे बोट दाखवत असे. गुडघे ठणठणीत होते. खरं कारण सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं, ते आज लिहितो.

महामार्गाजवळच्या रानांतून नैसर्गिक वायूची नळी पुण्याला न्यायची होती आणि शेतकऱ्यांची संमती मिळवणं ही माझी नोकरी. शिवऱ्याचे बबनराव काही केल्या मानेनात. नळीवर झाड ठेवता येत नाही, आणि तिच्या वाटेत त्यांच्या वडिलांनी लावलेला आंबा होता. मग मी त्यांना भूगोल ऐकवला. "दूरदेशीचा गॅस मधल्या देशातून जातो. मधला देश रुसला, तर पलीकडच्यांच्या चुली ऐन थंडीत विझतात. म्हणून आधी त्याला देतात. तुम्ही मधला देश!"

"म्हंजी पाटावानी," ते म्हणाले. "ज्याच्या रानातनं पाट, त्याची पान्याची पाळी पयली."

"अगदी तसंच."

त्या नळीला शिवऱ्यात तोटी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बबनरावांनी सही केली, आंबा तोडला गेला.

यंदा माफी मागायचीच, म्हणून एसटीत बसलो. शिवऱ्याच्या फाट्यावर उतरून गरम भजी घेतली आणि टपरीवाल्या बाईंना बबनरावांचं घर विचारलं.

"मधला देश व्हय? ते लेकीकडं गेल्यात, वेल्ह्याच्या वाटंवर, मार्गासनीला."

माझी थाप गावभर झाली होती; भजी तशीच टपरीवर ठेवली. रस्त्याकडेच्या रानात गॅसवाहिनीचा पिवळा खांब उभा होता, आणि शेजारच्या घरातून चुलीचा धूर निघत होता.

घाबरलेल्या माणसाला जीपही धड सापडत नाही. मी भोरच्या जीपमध्ये चढलो. "आजोबा, वेल्ह्याचा रस्ता मागं ऱ्हायला की!" म्हणत ड्रायव्हरने कापूरहोळला उतरवलं. उलटा फिरून नसरापूरमार्गे निघालो. पुढे भातखाचरं लागली, समोर तोरणा उभा राहिला. एरवी मी खूश झालो असतो.

मार्गासनीत बबनराव ओट्यावर शेजाऱ्यांना गोळा करून बसले होते. मला पाहताच उठले.

"आलं का सायेब! ह्यांनीच सांगितलं, मी रुसलो तर पुणं उपाशी. रोज सकाळी खांबापाशी जाऊन गॅसला म्हनतो, जा बाबा. आता लई दिस हितंच हाय. पुण्यात गॅस नीट येतोय न्हवं?"

"येतोय," मी म्हणालो.

"बगा! लांबनं बी चालतो आपला शब्द!"

सगळे हसले. कोण कुणाला हसतंय, ते मला कळेना.

लेकीने चुलीवरची भाकरी आणि घेवड्याचं कालवण वाढलं. माझ्या हातावर पाणी घालताना ती हळूच म्हणाली, "आंबा गेला तवा नाना जेवायचंच बंद झालं हुतं. ह्ये मधल्या देशाचं खूळ डोस्क्यात शिरलं, तवा कुठं घास उतरला. तुमचे उपकार हायेत, काका."

निरोप घेताना तरी मी सुरुवात केली, "बबनराव, त्या वेळी मी जे बोललो..."

"लई मोलाचं बोललात," ते म्हणाले, आणि एसटीत माझ्यासाठी जागा धरायला पुढे पळाले.

पुण्याला घरी आल्यावर सुनेने नळीच्या गॅसवर चहा ठेवला. ज्योत निळी आणि स्थिर होती. देशादेशांत करार असतात, ते फिसकटले की जगभर बोभाटा होतो. बबनरावांशी झालेला करार नुसत्या माझ्या जिभेवर होता. तो खोटा होता, हे दुसरं कोण सांगणार? मार्गासनीहून इथवर मनात घोळवलं ते वाक्य एवढंच होतं: बबनराव, पाळी तुमची कधीच नव्हती, ते मला तेव्हाही माहीत होतं, मला माफ करा.